तार कुणाच्या रस्त्यावरून जाते?



लाईट गेली की आपण आधी काय करतो? दारात येऊन शेजारी बघतो. शेजारची पण गेली असेल तर बरं वाटतं, आपल्या एकटीचीच गेली असेल तर पोटात गोळा येतो. मग वायरमनला फोन, मग मेणबत्ती शोधा, मग मोबाईलची बॅटरी किती उरली ते बघा. नळाला पाणी नाही आलं तर आपण हंडा घेऊन ग्रामपंचायतीवर जातो. रेशन कमी मिळालं तर दुकानदाराला चार बायका मिळून जाब विचारतो. पण वीज कुठून येते, कशापासून तयार होते आणि ती तिथूनच घ्यायची हे कुणी ठरवलं, असं आपण कधी विचारलंय का? बिल आलं की भरायचं, एवढाच आपला तिच्याशी संबंध.

आज आम्ही तुम्हाला अशा एका गावाची गोष्ट सांगणार आहोत, जिथल्या लोकांनी हा प्रश्न विचारला. गाव आपल्याकडचं नाही, जर्मनीतलं आहे. पण गोष्ट ऐकताना तुम्हाला आपली ग्रामसभा, आपली भिशी आणि आपल्या गावातले दोन तट आठवले नाहीत तर सांगा.

या गावाचं नाव शोनाऊ. जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ब्लॅक फॉरेस्ट म्हणजे काळं जंगल नावाचा डोंगराळ भाग आहे. सूचिपर्णी झाडांची इतकी दाट राई की लांबून डोंगर काळे दिसतात, म्हणून हे नाव. तिथल्या एका दरीत हे गाव वसलेलं आहे. वस्ती जेमतेम अडीच हजार. म्हणजे आपल्याकडचं एखादं मध्यम खेडं. फरक एवढाच की कायद्याने ते नगर आहे आणि त्याला स्वतःची निवडून आलेली नगरपरिषद आहे.

२६ एप्रिल १९८६ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमध्ये, आजच्या युक्रेनमध्ये, चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात स्फोट झाला. किरणोत्सर्गी कण हवेत उंच गेले आणि वाऱ्याबरोबर देशोदेशी पोचले. काही दिवसांनी दक्षिण जर्मनीत पाऊस पडला आणि त्या पावसाबरोबर ते कण शेतांत, कुरणांत, अंगणांत उतरले. स्फोट झाला तिथून हे गाव दीड हजार किलोमीटरहून लांब. तरीही आयांना सूचना येऊ लागल्या. मुलांना वाळूत खेळू देऊ नका, पालेभाज्या जपून वापरा, दुधाची काळजी घ्या.

मैत्रिणींनो, त्या आयांच्या जागी आपण आहोत असं क्षणभर समजू या. विष दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. मूल भुकेलं आहे आणि आपण हातात दुधाचा पेला घेऊन उभ्या आहोत. द्यावं की न द्यावं?

शोनाऊत उर्सुला स्लाडेक नावाच्या बाई राहत होत्या. शिक्षिकेचं शिक्षण घेतलेलं, घरात पाच मुलं, नवरा मिखाएल गावातला डॉक्टर. राजकारणाशी यांचा फारसा संबंध नव्हता. त्यांना वाटलं, एवढं मोठं संकट आलं आहे तर आता सरकार काहीतरी करेल, वीज कंपन्या काहीतरी बदलतील. तसं काही घडलं नाही. मग गावातले काही आईबाप एकत्र आले आणि त्यांनी अणुमुक्त भविष्यासाठी पालकांचा एक गट काढला.

या गटाने मोर्चापासून सुरुवात केली नाही. त्यांनी सुरुवात केली ती स्वतःच्या घरातल्या मीटरपासून. आपणच कमी वीज वापरली तर अणुवीज कमी लागेल, हा साधा हिशेब. त्यांनी वीजबचतीच्या स्पर्धा ठेवल्या. घरोघरी मीटरचे आकडे लिहून ठेवायचे आणि कमी वापरणाऱ्याला बक्षीस. लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून त्यांनी गाणी आणि विनोदी नाटुकल्यांचा एक फडही उभा केला. डॉक्टरसुद्धा त्यात उभे राहून गात. आपल्याकडे कलापथकं गावोगाव फिरायची, तसंच काहीसं म्हणा. डोंगरातल्या ओढ्यांवर पूर्वी छोटी जलविद्युत यंत्रं होती, त्यांतली काही बंद पडलेली होती. ती पुन्हा चालू करायला या लोकांनी पैसे गोळा केले.

मग ते त्या भागाला वीज पुरवणाऱ्या कंपनीकडे गेले. त्यांचं मागणं फार मोठं नव्हतं. कमी वापरणाऱ्याला फायदा होईल असे दर ठेवा आणि ओढ्यावर तयार होणाऱ्या स्वच्छ विजेला बरा भाव द्या. कंपनीने ऐकून घेतलं नाही. तिचा धंदा वीज विकण्याचा होता. लोकांनी ती कमी वापरावी यात तिला काय गोडी असणार?

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही चांगल्या गटाची झाली असती. बक्षिसं वाटली, गाणी म्हटली, अर्ज दिला, उत्तर आलं नाही, गट विरून गेला. शोनाऊचं वेगळेपण इथून पुढे आहे आणि त्यात नगरपरिषद येते.

तिथली पद्धत थोडी समजून घेऊ. विजेच्या तारा जातात त्या गावाच्या रस्त्यांवरून, रस्त्यांखालून. रस्ते गावाचे. म्हणून वीज कंपनीला नगरपरिषदेशी करार करावा लागतो. आम्हाला तारा टाकायची आणि गावाला वीज पोचवायची परवानगी द्या, त्याबद्दल आम्ही दरवर्षी इतकी रक्कम भरू, असा तो करार. जास्तीत जास्त वीस वर्षांचा. तो संपला की नगरपरिषद त्याच कंपनीला पुन्हा परवानगी देऊ शकते किंवा दुसऱ्या कुणाला. बहुतेक गावांत हा करार आपोआप पुढे चालू राहायचा. कुणी वाचायचंही नाही. सही करायची आणि चहा प्यायचा.

शोनाऊचा करार १९९४ मध्ये संपणार होता. पण १९९० मध्येच कंपनी नगरपरिषदेकडे आली आणि म्हणाली, आत्ताच पुढच्या वीस वर्षांची सही करा, आम्ही वर एक लाख मार्क देतो. मार्क म्हणजे जर्मनीचं तेव्हाचं चलन. छोट्या गावाच्या तिजोरीला एक लाख म्हणजे मोठी रक्कम. पण सही झाली असती तर गावाचे हात वीस वर्षं बांधले गेले असते. तेव्हा जन्मलेलं मूल वीस वर्षांचं होईपर्यंत त्या घरात कुठली वीज येणार, हे त्या एका बैठकीत ठरलं असतं.

पालकांच्या गटाने काय करावं? त्यांनी नगरपरिषदेला सांगितलं, तुम्हाला एक लाखाचं नुकसान नको ना? मग तेवढेच पैसे आम्ही देतो. फक्त आत्ता सही करू नका. आणि गावातल्या माणसांनी आपापल्या खिशातून ते पैसे उभे केले. आपल्याकडे देवळाच्या कळसासाठी घरटी वर्गणी निघते, तशी ही निघाली.

तरीही जुलै १९९१ मध्ये नगरपरिषदेत बहुमत कंपनीच्याच बाजूने पडलं.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणी इथे घरी परतल्या असत्या? ‘वरचं ठरलंय, आता काय बोलायचं’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की ते आपल्याला खरं वाटायला लागतं. पण त्या राज्याच्या कायद्यात एक तरतूद होती. पुरेशा नागरिकांनी सह्या करून मागणी केली, तर नगरपरिषदेचा निर्णय थेट मतदारांपुढे ठेवता येत असे. या लोकांनी सह्या गोळा केल्या. घराघरांत जाऊन करार म्हणजे काय ते समजावलं. २७ ऑक्टोबर १९९१ ला गावाने मतदान केलं आणि सुमारे छप्पन्न टक्के मतं पालकांच्या गटाच्या बाजूने पडली. सही थांबली.

पण सही थांबवली म्हणजे काम झालं असं नाही. आता प्रश्न आला, कंपनीला परवानगी द्यायची नाही तर द्यायची कुणाला? गावाला वीज तर लागणारच. मग या लोकांनी ठरवलं, आपणच वीज कंपनी काढायची. शिक्षिका, डॉक्टर आणि त्यांचे गावकरी तारा, ट्रान्सफॉर्मर, दर, कायदा यांचा अभ्यास करायला बसले. १९९४ मध्ये गावाची स्वतःची वीज कंपनी स्थापन झाली. नोव्हेंबर १९९५ मध्ये नगरपरिषदेने, त्याच नगरपरिषदेने, तारांची परवानगी गावकऱ्यांच्या कंपनीला दिली.

आता विरोधकांची पाळी. लोकमताचं जे हत्यार पालकांनी वापरलं होतं तेच त्यांनी उचललं. त्यांनीही सह्या गोळा केल्या आणि मतदान मागितलं. या वेळी प्रचार कडवा झाला. डॉक्टर आणि गृहिणी वीज चालवणार? कारखान्यांची वीज बंद पडली तर नोकऱ्या जातील, त्याला जबाबदार कोण? ही भीती खोटी म्हणून उडवून लावता येत नव्हती. ज्या घरातला कर्ता माणूस कारखान्यात जात होता, त्या घरातली बाई काय विचार करत असेल? तिलाही मुलांची काळजी होतीच. एका आईला दुधाची काळजी, दुसरीला पगाराची. गावात दोन तट पडले.

१० मार्च १९९६ ला मतदान झालं. शंभरातल्या ऐंशीहून जास्त मतदारांनी मत दिलं. गावकऱ्यांच्या कंपनीला बावन्न टक्क्यांहून थोडी जास्त मतं पडली. निसटता विजय. आम्हाला वाटतं, हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आज जगभरातून लोक ते गाव बघायला जातात आणि असं वाटतं की सगळं गाव एकदिलाने उभं राहिलं असेल. तसं नव्हतं. जवळपास अर्धं गाव विरोधात होतं. तरी ते झालं, कारण उरलेल्या अर्ध्याहून थोड्या जास्त लोकांनी घराबाहेर पडून मत दिलं.

परवानगी मिळाली, पण तारा आणि खांब जुन्या कंपनीच्या मालकीचे होते. ते विकत घ्यायला हवेत. कंपनीने किंमत सांगितली ८७ लाख मार्क. गावकऱ्यांनी स्वतःचा तज्ज्ञ लावून हिशेब काढला तर त्याची किंमत निघाली ३९ लाख. दुपटीहून जास्त फरक! कोर्टात जावं तर वर्षानुवर्षं जाणार आणि तोवर तारा कंपनीकडेच राहणार. मग त्यांनी साऱ्या देशापुढे पदर पसरला. एका जाहिरात संस्थेने एक पैसा न घेता त्यांच्यासाठी मोहीम तयार केली. अणुवीज केंद्रात काही बिघाड झाला की जर्मन भाषेत त्यासाठी एक खास शब्द वापरतात. मोहिमेचं वाक्य होतं, ‘मी म्हणजेच बिघाड’. आजोबा, आई, शाळकरी पोरं, साध्या माणसांचे चेहरे आणि खाली हे वाक्य. अणुवीजवाल्यांच्या कारभारात बिघाड आणणारी माणसं आम्हीच, असा त्याचा खोचक अर्थ. देशभरातून पैसे आले. एका सहकारी बँकेने त्यासाठी खास निधी उभा केला. शेवटी कंपनी ५७ लाखांवर खाली आली. गावकऱ्यांनी ते भरले, पण ‘किंमत आम्हाला मान्य नाही, फक्त ताबा हवा म्हणून भरतोय’ अशी नोंद करून. पुढे बऱ्याच वर्षांनी जास्तीची रक्कम त्यांना परत मिळाली.

१ जुलै १९९७ रोजी शोनाऊची वीज शोनाऊच्या लोकांच्या हाती आली. दुधाच्या पेल्यापासून इथपर्यंत अकरा वर्षं लागली. ज्या मुलांसाठी आयांनी सुरुवात केली ती मुलं तोवर मोठी झाली होती.

आणि कारखाने? बंद पडले नाहीत. दिवे लागत राहिले. १९९९ मध्ये गावातल्या चर्चच्या छपरावर सौर पट्ट्या बसल्या. गावात छोट्या जलविद्युत यंत्रांना, छपरावरच्या सौर विजेला, उष्णता आणि वीज दोन्ही देणाऱ्या यंत्रांना मदत मिळू लागली. अर्थात गावाला लागणारी सगळी वीज गावात तयार होत नाही. बरीचशी बाहेरून घ्यावी लागते. पण ती कुणाकडून घ्यायची हे आता गावकऱ्यांची कंपनी ठरवते आणि ती स्वच्छ वीज केंद्रांकडूनच घेते. १९९८ मध्ये जर्मनीत वीज विक्री खुली झाली, तेव्हा ती इतर गावांतल्या लोकांनाही वीज विकू लागली. ग्राहकांचा आकडा लाखावर गेला. २००९ मध्ये तिचं रूपांतर सहकारी संस्थेत झालं. २०११ मध्ये उर्सुला स्लाडेक यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. आणि १५ एप्रिल २०२३ ला जर्मनीतली शेवटची तीन अणुवीज केंद्रं बंद झाली. तो निर्णय बरोबर की चूक, यावर तिथे आजही वाद आहे. पण शोनाऊच्या लोकांनी आपल्या गावापुरता निर्णय त्याच्या कितीतरी आधी घेतला होता.

आता तुम्ही म्हणाल, ते जर्मनीत. आपल्याकडे कुठली नगरपरिषद तारांची सही थांबवणार? खरं आहे. आपल्याकडे वीज वितरणाची पद्धत वेगळी आहे. तारांची परवानगी ग्रामपंचायतीच्या हातात नाही. पण आपले हात अगदीच रिकामेही नाहीत.

१९९२ मध्ये आपल्या संविधानात ७३वी दुरुस्ती झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली. तिच्याबरोबर अकरावी अनुसूची आली. पंचायतींकडे कोणकोणती कामं सोपवता येतील त्याची ही यादी, एकूण २९ विषय. पाणी, रस्ते, शाळा, बाजार हे आपल्याला ठाऊक असतं. पण चौदावा विषय आहे वीज वितरणासह ग्रामीण विद्युतीकरण आणि पंधरावा विषय आहे अपारंपरिक ऊर्जा. वारा, ऊन, शेण, पालापाचोळा यांपासून मिळणारी ऊर्जा. म्हणजे या गोष्टी पंचायतीच्या कक्षेत याव्यात, असं संविधानातच लिहून ठेवलेलं आहे. त्यातलं किती प्रत्यक्षात द्यायचं ते राज्याने ठरवायचं आहे.

तमिळनाडूतल्या एका ग्रामपंचायतीने हे कागदावरचं प्रत्यक्षात आणून दाखवलं. कोइम्बतूर जिल्ह्यातली ओडन्तुरै ग्रामपंचायत, निलगिरीच्या पायथ्याशी. गावात नळपाणी योजना झाली, रस्त्यावर दिवे आले आणि पंचायतीचं वीजबिल भसाभस वाढलं. आपल्याकडच्या किती पंचायतींची हीच रड आहे ते तुम्हाला सांगायला नको. पंचायतीचे अध्यक्ष आर. षण्मुगम यांनी आधी लाकूडफाट्याच्या वायूवर पाण्याचा पंप चालवून पाहिला. मग २००६ मध्ये पंचायतीने सरळ पवनचक्कीच विकत घेतली, ३५० किलोवॅटची. खर्च सुमारे दीड कोटी रुपये. काही पैसे पंचायतीच्या शिलकीतले, बाकीचं बँकेचं कर्ज. पवनचक्की गावात नाही, जिथे वारा चांगला आहे तिथे लांब उभी आहे. तिची वीज वीज मंडळाच्या तारांत जाते, पंचायतीच्या वापराएवढी हिशेबातून वळती होते आणि उरलेली मंडळ विकत घेतं. त्या पैशातून कर्जाचे हप्ते गेले. षण्मुगम यांच्यानंतर त्यांच्या पत्नी लिंगम्माळ यांनीही पंचायतीचं अध्यक्षपद सांभाळलं.

आपल्या महाराष्ट्रातही सुरुवात झाली आहे. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. शंभरेक घरांची वस्ती, पण छपरांवर सौर पट्ट्या आहेत.

ही गावं एकमेकांसारखी नाहीत. कुणी तारा मिळवल्या, कुणी पवनचक्की घेतली, कुणी छपरं वापरली. पण तिन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. विजेचा विषय गावाने आपला मानला. शोनाऊच्या नगरपरिषदेने तर सुरुवातीला नकारच दिला होता. लोकांनी तो बदलायला लावला आणि मग त्याच नगरपरिषदेची सही कामी आली. स्थानिक संस्थेचा पाठिंबा आयता मिळत नसतो. तो मागावा लागतो, पुन्हा मागावा लागतो आणि मिळाला की टिकवावाही लागतो.

आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असं कायद्यात आहे. पुष्कळ गावांत ती कागदावर होते, रजिस्टर सहीसाठी घरी येतं. पुढच्या वेळी रजिस्टर आलं तर सही करण्याआधी म्हणा, सभा घ्या, आम्हाला बोलायचं आहे. आणि तिथे चार साधे प्रश्न विचारा. ग्रामपंचायतीचं वीजबिल वर्षाला किती येतं? पाण्याच्या पंपावर किती, रस्त्यावरच्या दिव्यांवर किती? शाळेचं, अंगणवाडीचं, पंचायतीचं छप्पर रिकामं आहे का? आणि गावाच्या विकास आराखड्यात या कामासाठी एक ओळ तरी लिहिली आहे का?

उत्तर लगेच मिळणार नाही. शोनाऊच्या बायकांनाही मिळालं नव्हतं. पण प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा आणि लिहिलाय की नाही ते वाचून बघा. पुढच्या सभेला तिथूनच सुरुवात करता येईल.

तुमच्या गावातल्या सभेत काय झालं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर नमस्कार.